मधल्या फळीतला मुलगा : पेडणे-डिचोलीच्या कॉलेज फुटबॉलची प्रस्तावना

गोव्यात मे महिना सरत आला की मैदानावरचा फुटबॉल थंडावतो आणि फुटबॉलच्या बातम्यांना ऊत येतो. कोणत्या क्लबाने कोणाला मोकळे केले, कोणी कोणाशी करार केला, नवा प्रशिक्षक कोण, ट्रायल कोणत्या मैदानावर, नोंदणीची शेवटची तारीख कोणती. सरदीचे भात कापल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत गावोगावच्या स्पर्धा रंगतात. त्यांचे गोलपोस्ट पहिला पाऊस पडायच्या आत उपटून कोणाच्या तरी पडवीत जाऊन पडतात, कारण तिथे आता नांगर फिरायचा असतो. लाल मातीची मैदाने जूनअखेर चिखलाने भरतात. खेळ कमी आणि चर्चा उदंड, असे हे दिवस. मराठी दैनिकांच्या क्रीडापानांवर या काळात छापून येणारी नावे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि दरवेळी मला त्या यादीत नसलेल्या नावांची काळजी लागते. पुढच्या पानांचा विषय ती नावे आहेत : पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली, कॉलेजात शिकणारी, अठरा ते बावीस वर्षांची मुले. त्यांतही मधल्या फळीत उभा राहून अख्ख्या संघाचा खेळ चालवणारा मुलगा.

विषय एवढा अरुंद का घेतला, हे आधी सांगायला हवे. त्यासाठी जरा लांबून यावे लागेल.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळच निराळा. लांबोडका चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, पायापेक्षा हाताचे काम अधिक. पण त्या देशात विद्यापीठांच्या संघांना जे स्थान आहे, ते आपल्याकडे व्यावसायिक क्लबांनाही नाही. ऑगस्टअखेर सुरू झालेला त्यांचा हंगाम जानेवारीत संपतो आणि मग सात-आठ महिने सगळा देश एकाच प्रश्नाभोवती फिरतो : पुढच्या हंगामात कोणत्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कोण? क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढची चाल ठरवणारा खेळाडू. समोरची बचावफळी वाचायची, दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा आणि जिथे आपला माणूस अजून पोचलेलाही नाही अशा जागी चेंडू टाकायचा. हे काम सतराव्या वर्षी क्वचितच कोणाला जमते. जो बरो या खेळाडूचे उदाहरण तिथे सर्वांना पाठ आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात तो तीन वर्षे जवळजवळ बाकावरच बसून होता. २०१८ साली तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. तिथला पहिला हंगामही बेताचाच गेला. दुसऱ्या हंगामात, २०१९ मध्ये, त्याने हाइझमन हा सर्वोच्च मान मिळवला, संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि २०२० च्या व्यावसायिक निवडीत पहिले नाव त्याचे पुकारले गेले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

त्या व्यवस्थेत पैशाचा पूर आहे. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलण्यासाठी संगणकावरची नोंदणी सुरू झाली आणि २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे उत्पन्न घेण्याची मुभा मिळाली. हे सगळे इथे आणावे असे मी म्हणत नाही. माझ्या मनात भरते ते वेगळेच. वीस-बावीस वर्षांच्या मुलाकडे तिथे कोणी उशीर झालेला म्हणून पाहत नाही. बाकावर बसलेल्या मुलाचीही पहिल्या वर्षापासून नोंद होत राहते, आणि एका ठिकाणी त्याला खेळायला मिळाले नाही तर दुसरे दार उघडे असते. आपल्या उत्तर गोव्यात नेमके याच वयात दार लागते.

आता आपल्या गावाकडे येऊ. गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने. प्रकृती सुधारावी म्हणून १८८३ साली तो शिवोलीत येऊन राहिला आणि तिथल्या मुलांना त्याने हा खेळ शिकवला. शिवोली शापोरा नदीच्या काठावर आहे. समोरच्या काठावर चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. खेळ पेडण्यापासून एका होडीच्या अंतरावर आला होता, पण नदी ओलांडायला त्याने फार वेळ घेतला. त्यालाही कारण आहे. शिवोलीचा बार्देस आणि खाली सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेला मुलूख. तिथे पाद्र्यांच्या शाळा होत्या, चर्चसमोर पटांगण होते, फेस्ताच्या दिवसांत सामने होत. पेडणे आणि डिचोली १७८१ ते १७८८ च्या दरम्यान सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. इथले जगणे देवळाभोवतीचे, जत्रा-कालोत्सवाचे, दशावताराचे आणि मराठी शाळेचे राहिले. सासष्टीच्या मुलाने चौथ्या वर्षी चेंडूला लाथ मारली, तर पेडण्याच्या मुलाच्या हाती आधी बॅट आली, कबड्डी आली, व्हॉलीबॉल आला. फुटबॉल त्याला भेटला तो हायस्कुलात, क्रीडाशिक्षकाकडून.

या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. दहाव्या-बाराव्या वर्षी चेंडू पायाला लागलेला मुलगा पंधराव्या वर्षी निवड समितीसमोर उभा राहतो, तेव्हा पाचव्या वर्षापासून खेळणाऱ्या मुलाशी त्याची तुलना होते. तीत तो मागे पडणारच. खरी तुलना विसाव्या वर्षी व्हायला हवी. तोवर मात्र तो मैदानावरून गेलेला असतो.

गोव्याच्या फुटबॉलमधून डिचोलीचे नाव पुसले गेले असे कोणी म्हटले, तर मी त्याला डेम्पो क्लबाची आठवण करून देतो. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या या क्लबाचे मूळ डिचोलीत आहे. साठच्या दशकाच्या आरंभी क्लुब देस्पोर्तिव्हो द बिशोली या पोर्तुगीज नावाने तो संघ उभा राहिला आणि १९६८ पासून डेम्पो म्हणून ओळखला जाऊ लागला. साळगावकर क्लब त्याच्याही आधीचा, १९५६ चा. दोन्ही घराणी खाणमालकांची. गोव्याच्या क्लबांना पोसणारा पैसा लोहखनिजाचा होता, आणि ते खनिज ज्या भागांतून निघाले त्यांत डिचोली ठळक. ट्रकांच्या रांगा, घरांच्या छपरांवर बसलेली लाल धूळ, गढूळलेले ओहोळ हे सगळे डिचोलीकरांनी सोसले. त्या खनिजावर उभे राहिलेले क्लब मात्र पणजी-वास्कोचे झाले.

एक गोष्ट खाणीने डिचोलीला परत दिली, हेही नोंदवले पाहिजे. सेसा गोवा कंपनीने १९९९ मध्ये फुटबॉल अकादमी काढली, तिचा मुक्काम साखळीला होता. खनिज संपल्यावर बुजवून, झाडे लावून सावरलेल्या खाणीच्या जमिनीवर मुले निवासी राहून फुटबॉल शिकत होती. भारताकडून खेळलेला आदिल खान आणि डेन्झिल फ्रँको हे या अकादमीचे विद्यार्थी. पुढे अकादमीचे बस्तान बार्देसमधल्या सिरसईला गेले. २०१२ च्या शरद ऋतूत खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकवर पोट असलेल्या घरांतल्या मुलांना बूट, बसभाडे आणि दूध यांचा हिशेब करणे भाग पडले. दरम्यान २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय पातळीवर गोव्याच्या मुलाला ज्या जागा होत्या, त्या एका पावसाळ्यात आटल्या. डेम्पो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, हे चांगले झाले. पण मधल्या आठ वर्षांत जी मुले अठराची सव्वीस झाली, त्यांचे काय झाले हे कोणी विचारलेले नाही.

पेडण्याची कथा वेगळी आहे. भाऊसाहेब बांदोडकर मूळ पेडण्याचे. गोव्याच्या या पहिल्या मुख्यमंत्र्यांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या आणि त्यांच्या नावाचा सुवर्ण चषक एके काळी देशभरचे संघ खेळायला येत असा मोठा होता. पण त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात फुटबॉलचे बस्तान बसले नाही. मडगावचे फातोर्ड्याचे मैदान पेडण्याहून साठ-पासष्ट किलोमीटर. म्हापशाजवळचे धुळेरचे कृत्रिम हिरवळीचे मैदान त्या मानाने जवळ, पण संध्याकाळी तिथला सराव आटोपून हरमल, केरी किंवा पालये गाठायचे म्हणजे शेवटच्या बसचा प्रश्न येतो. ज्या मुलाच्या घरी दुचाकी आहे तो सरावाला राहतो. ज्याच्याकडे नाही तो अर्ध्या तासात निघतो, आणि प्रशिक्षकाच्या मनात त्याच्याविषयी मत बनते की हा मनापासून खेळत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक गाठ आहे. मोरजी, मांद्रे, हरमल इथली मुले ऑक्टोबर ते मे शॅकवर किंवा गेस्ट हाऊसमध्ये काम करतात. हाच फुटबॉलचा हंगाम. पावसाळ्यात शॅक मोडतात, मुले मोकळी होतात, तेव्हा फुटबॉल थांबलेला असतो. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि तालुक्यातल्या कित्येक मुलांना तिथे पाळीची नोकरी मिळाली. घराला आधार झाला याचा आनंदच आहे. पण रात्रपाळी करून सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी सराव हे कोणाच्याही शरीराला झेपणारे नाही. म्हणून मला वाटते, की पेडण्याच्या मुलासाठी खरा हंगाम पावसाळा असायला हवा. त्याला वेळ असतो तो तेव्हाच.

इथे कॉलेजचा प्रश्न येतो. शाळकरी मुलांना सुब्रतो चषक आहे. १९६० पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या निमित्ताने ऐन पावसात का होईना, राज्यभरच्या शाळांतली मुले मैदानात उतरतात. दहावी-बारावीनंतर क्लबाने उचलले नाही तर उरते कॉलेज. गोवा विद्यापीठ १९८५ चे. त्याआधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीला झांट्ये महाविद्यालय आहे. या तीन आवारांत आजूबाजूच्या गावांतली मुले रोज येतात. विद्यापीठाच्या आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतर-विद्यापीठ स्पर्धेला जातो. त्या स्पर्धेत पंचवीस वर्षांपर्यंतचा विद्यार्थी खेळू शकतो. म्हणजे नियमांनी उशिरा पिकणाऱ्या मुलासाठी जागा राखून ठेवली आहे. केरळात कालिकत विद्यापीठाने सर आशुतोष मुखर्जी चषक कितीदा जिंकला ते पाहिले, तर कॉलेजच्या मैदानातून काय उभे राहू शकते ते कळते. आपल्याकडे मात्र कॉलेजची स्पर्धा काही दिवसांत उरकते. हजेरीपटावर सही, क्रीडागुण, एक प्रमाणपत्र आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटू. गोवा सरकारने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. तो मान कॉलेजच्या मैदानापर्यंत पोचला असता, तर पेडण्याच्या मुलाला त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला असता.

आता मधल्या फळीतल्या मुलाकडे वळतो, कारण माझा जीव खरा तिथे अडकला आहे.

प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेम्पोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. लोकांना रँटी मार्टिन्सचे गोल आठवतात. मला बेटो आठवतो. हा ब्राझीलचा खेळाडू मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन मान वर करायचा आणि रँटी पळायला लागायच्या आधीच चेंडू निघालेला असायचा. त्याच्या भोवती क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा ही आपली मुले होती. पुढे एफसी गोवाने २०१९-२० च्या हंगामात इंडियन सुपर लीगची शील्ड जिंकली, तेव्हा मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसचे पास हा त्या संघाचा कणा होता. ब्रँडन मात्र किशोरवयात दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनच्या अकादमीत घडला. मधल्या फळीतला खेळाडू आपण विकत आणला किंवा बाहेर पाठवून घडवून घेतला. घरच्या मैदानावर तो ओळखायची सवय आपल्याला कमी आहे.

उत्तरेकडचे मूल पुढे आले की ते बहुधा बगलेवर जाते. म्हापशाचा मंदार राव देसाई डाव्या बगलेवरून वर आला, पुढे डावा बचावपटू झाला, मुंबई सिटीबरोबर २०२०-२१ चे इंडियन सुपर लीगचे विजेतेपद त्याने मिळवले. मोठा खेळाडू. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा अल-नस्र संघ फातोर्ड्याला आला, तेव्हा एफसी गोवाचा एकमेव गोल ब्रिसन फर्नांडिसने केला, तोही बगलेवरचाच. वेग डोळ्यांना दिसतो. गोल तर आंधळ्यालाही कळतो. गोलरक्षकाचेही तसेच : ब्रह्मानंद शंखवाळकरांपासून लक्ष्मीकांत कट्टीमनीपर्यंत गोव्याने मोठे गोलरक्षक दिले, कारण अडवलेला चेंडू सर्वांना दिसतो. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला झालेल्या त्याच लीगच्या अंतिम सामन्यात कट्टीमनीने पेनल्टी अडवल्या आणि हैदराबादला चषक मिळाला, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मधल्या फळीतल्या मुलाचे काम समजावून सांगावे लागते.

ट्रायलमध्ये काय होते ते पाहा. पन्नास-साठ मुले जमतात. पाठीवर नंबर लावतात, एकमेकांना कधी न पाहिलेल्या अकरा जणांचे संघ करतात आणि वीस-वीस मिनिटे खेळवतात. बगलेवरचा मुलगा चेंडू मिळताच दोघांना चकवून पळतो आणि त्याच्या नंबरसमोर खूण होते. मधल्या मुलाचा पास बरोबर जागी पडतो, पण तिथे पळायला हवे हे पुढच्याला ठाऊक नसते. चेंडू रेषेबाहेर जातो आणि चूक मधल्याच्या नावावर लागते. त्यात महिना जुलैचा. साचलेल्या पाण्यात जमिनीसरशी दिलेला पास अर्ध्यावर थांबतो. चिखलात टिकतो तो दांडगा गडी. म्हणजे वर्षातल्या ज्या दिवसांत पास देणाऱ्याची कला सर्वांत कमी दिसते, त्याच दिवसांत आपण पुढच्या वर्षाचे खेळाडू निवडतो. पेडणे-डिचोलीतून मधल्या फळीचे खेळाडू कमी येतात याचे मोठे कारण माझ्या मते हे आहे. मुले तिथे आहेत. आपण त्यांना चुकीच्या महिन्यात, चुकीच्या पद्धतीने पाहतो.

पेडण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर जुलैतल्या एका संध्याकाळी पाहिलेला मुलगा सांगतो. वाणिज्य शाखेचा दुसऱ्या वर्षाचा, अंगाने किरकोळ. पाऊस नुकताच थांबलेला, मैदानाच्या मध्यावर एक मोठे तळे साचलेले. बाकी मुले त्या पाण्यातून चेंडू रेटत होती. हा तळ्याच्या अलीकडे थांबला. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी त्याने एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहिले, मग उजव्या. चेंडू पायाशी येताच पावलाच्या आतल्या बाजूने तो कोरड्या बाजूला वळवला आणि दुसऱ्याच स्पर्शात, बुटाच्या टोकाखाली घेऊन, पाण्यावरून उचलून पलीकडे टाकला. तो पडला तिथे गवत दाट होते, म्हणून चेंडू उसळला नाही. धावणाऱ्या मुलाच्या पुढे हातभर अंतरावर थांबला. तीन-चार वेळा हे झाल्यावर मला कळले, की या मुलाने खेळ सुरू व्हायच्या आधी मैदान चालून पाहिले होते. कुठे पाणी, कुठे गवत, हे त्याच्या डोक्यात होते. मधेच तो उजव्या बगलेच्या मुलाला ओरडून म्हणाला, “रेषेला चिकटू नको, आत ये, तिकडे चेंडू मरतो.” पुढच्या चालीला तो मुलगा आत आला आणि गोल झाला. टाळ्या गोल करणाऱ्याला पडल्या.

नॉर्वेचे प्राध्यापक गेइर योर्डेट यांनी खांद्यावरून मागे पाहण्याच्या याच सवयीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत खेळाडू चेंडूवरची नजर काढून किती वेळा आजूबाजूला पाहतो, हे त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे चित्रीकरण तपासून मोजले. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पुढे जाणारे पास अधिक यशस्वी होतात, असे त्यांना आढळले. हे मोजायला यंत्र लागत नाही. क्रीडाशिक्षकाने दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता एका मुलाच्या मानेकडे पाहिले तर पुरे. त्यात तीन-चार गोष्टींची भर घालता येईल. पहिला स्पर्श चेंडूला कुठल्या दिशेला नेतो. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना हा कुठे उभा असतो. चूक झाल्यावर हा पुन्हा चेंडू मागतो की लपतो. आणि कोणाला काय सांगतो. हे गुण वीस मिनिटांत दिसत नाहीत, महिनाभर रोज पाहणाऱ्याला दिसतात. रोज पाहणारा माणूस कॉलेजात आहे. क्लबाचा निवडकर्ता त्याला विचारत नाही, ही आपली अडचण.

वयाचाही एक मुद्दा आहे, तो पालकांनी लक्षात घ्यावा. वयोगट एक जानेवारीच्या हिशेबाने पडतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीतही बराच फरक असू शकतो. जगभरच्या अभ्यासांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले निवडीत जास्त आढळतात. विसाव्या वर्षी हा फरक मिटतो. तोवर डिसेंबरच्या मुलाला कोणीतरी धरून ठेवायला हवे.

मुलींविषयी या पानांत कमी आले आहे, याची मला जाणीव आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले, त्यांनी बऱ्याच शाळांत चेंडू पोचवला. त्या मुली आता कॉलेजात आहेत. त्यांच्यावर स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

२०२५ च्या पावसाळ्याने सगळ्यांना एक धडा दिला. ११ जुलैला इंडियन सुपर लीगच्या संयोजकांनी पुढचा हंगाम थांबवून ठेवत असल्याचे कळवले. भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार डिसेंबरात संपत होता आणि नवा झाला नव्हता. देशभरचे क्लब गोंधळले, काहींनी काम थांबवले. मोठ्या खेळाडूंच्या पगाराची चर्चा रोज छापून आली. ज्या मुलाला त्या वर्षी पहिला करार मिळायचा होता, त्याच्याविषयी एक ओळही नव्हती. मोठी इमारत हलली की वरच्या मजल्यावरच्यांची चौकशी आधी होते. एफसी गोवाने त्याच ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला हरवून आशियाई क्लब स्पर्धेत जागा मिळवली, म्हणून गोव्यात उत्साह टिकला. पण लीगचे भवितव्य डळमळीत असताना क्लब नवख्यावर पैसा लावत नाही. अशा वर्षी कॉलेजचा संघ हीच मुलाची एकमेव जागा उरते, आणि तो संघ वर्षातून काही दिवसच जिवंत असतो.

तो संघ पावसाळाभर जिवंत ठेवायला फार पैसा लागत नाही. शनिवार-रविवार सकाळी सराव ठेवला तर शेवटच्या बसचा प्रश्न सुटतो. मैदानात पाणी असेल तर कॉलेजच्या सभागृहात सामन्याचे चित्रीकरण दाखवून, मधेच थांबवून, “आता चेंडू कुठे जाईल?” असे विचारता येते, मधल्या फळीतल्या मुलासाठी हा सराव मैदानावरच्या सरावाइतकाच मोलाचा आहे. विर्नोडा, साखळी आणि डिचोली या तीन कॉलेजांनी आपसांत पावसाळी सामने ठेवले, तर प्रत्येक मुलाला एका ट्रायलऐवजी सात-आठ सामने मिळतील, तेही ओळखीच्या सवंगड्यांबरोबर. सीमेपलीकडे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची मुले आहेत. त्यांना बोलावले तर स्पर्धाही होईल आणि नाते तर जुनेच आहे. विद्यापीठाने आणि गोवा फुटबॉल संघटनेने मिळून ट्रायलचा काही भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात, मैदान सुकल्यावर घ्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आणि क्रीडाशिक्षकांकडे एक मागणे. प्रत्येक कॉलेजात एक वही ठेवा. मुलाचे नाव, गाव, जन्ममहिना, फुटबॉल कोणत्या वर्षी सुरू केला, कोणत्या जागी खेळतो, घरी काम काय करतो, परतीची बस किती वाजता. त्याखाली दर सामन्यानंतर दोन ओळी : मैदान ओले की कोरडे, किती पास पुढे गेले, चूक झाल्यावर काय केले. एका हंगामात अशी पंधरा-वीस पाने भरली, तर ती कोणत्याही ट्रायलपेक्षा जास्त सांगतील. पुढच्या प्रकरणांत या वहीचा नमुना आणि ती कशी भरावी याची चर्चा आहे. क्लबांची नोंदणी बंद व्हायच्या आधी ती वही निवड करणाऱ्याच्या टेबलावर पोचवा, आणि सोबत त्या मुलालाही घेऊन जा.